येसाजीच्या पडवीतला रंधा

मी एक जुना रंधा आहे. खरं सांगायचं तर रंध्याचं नुसतं पातं आहे. बाकीचा मी जळून गेलो. ऐकायला वाईट वाटत असेल तर वाटू द्या, मित्रांनो. जळताना मला कुणी विचारलं नव्हतं.

माझं अंग शिसवीचं होतं. कापडे गावात येसाजीच्या वडिलांनी मला घडवलं आणि जाताना येसाजीच्या हाती दिलं. येसाजी कसबी सुतार, पण तोंडाचा फटकळ. भात झोडून झालं, थंडी पडली, की त्याच्या घराच्या बंदिस्त पडवीत लाकूडकाम सुरू व्हायचं. मुंबईला नोकरी करणारी माणसं गावात घरं बांधत, त्यांना उन्हाळ्याआधी दारांच्या चौकटी हव्या असत. थंडीत लाकूड कोरडं असतं, रंध्याखालची पातळ साल न तुटता लांबच लांब निघते. मी मजेत होतो.

येसाजीची बायको तुळसा मला हात लावायला भ्यायची. एकदा केर काढताना तिनं मला उचललं, तर त्यानं तिच्या बोटांवर लाकडी पट्टी हाणली. "बाईचा हात लागला की धार जाते," म्हणाला. धार काही गेली नाही. त्याच्याच उजव्या हाताला कंप सुटला. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंप होता तिथेच राहिला.

पोट तर भरायला हवं. मग तोच तिला म्हणाला, "दार लाव नि धर रंधा."

दार लावून तुळसा काम करू लागली आणि येसाजी स्टुलावर बसून शिव्या देऊ लागला. बघून बघूनच ती सगळं शिकली होती. मला तिचा हात आवडायचा, येसाजीच्या हातापेक्षाही जास्त. गाव मात्र म्हणे, "येसाजीचा हात लागला म्हंजे बगायला नको!" नारळ येसाजीला, शेला येसाजीला. तुळसाला मिळायच्या ढलप्या, चुलीत घालायला.

आमच्याकडे एक रीत आहे. चौकट उभी करायच्या दिवशी पूजा झाली, की सुतारानं सगळ्यांसमोर तिच्यावरून रंध्याचा एक हात फिरवायचा. निघालेली साल घरच्या बाईनं देवाजवळ ठेवायची. येसाजी डाव्या हातानं उजवा दाबून धरायचा आणि तेवढं कसंबसं निभावून न्यायचा.

यंदा मुंबईच्या भरतनं गावात घर बांधलं. त्याची फणसाची चौकट म्हणजे तुळसाचं सर्वांत देखणं काम. पण पूजेच्या दिवशी थंडी कडाक्याची होती आणि कंप ऐकेना. येसाजीच्या हातात मी थडथडलो आणि लाकडाचा भला मोठा टवका उडाला.

"आता गो बाय! अपशकुन!" भरतची आई ओरडली.

बायकांच्या घोळक्यातून तुळसा पुढे आली. विचार करायला तिला सवडच मिळाली नसावी. तिनं नवऱ्याच्या हातून मला घेतलं आणि सरळ हात मारले. लाकूड साफ झालं. साल अखंड निघाली.

"म्हंजे चौकट तू केलीस काकी?" भरतनं विचारलं.

तुळसानं साल उचलून भरतच्या आईच्या हाती दिली. कुणीतरी म्हणालं, "नि नारळ खातो येसाजी!" सगळे खो खो हसले. भरतनं शेला तुळसाच्या खांद्यावर घातला. त्याला वाटलं, आपण चांगलं केलं.

संध्याकाळी येसाजीनं अंगणात शेकोटी पेटवली आणि तुळसाला हाक मारली. ती येईपर्यंत तो थांबला. मग तिच्या डोळ्यांदेखत त्यानं मला आगीत टाकलं.

"अवो, तुमच्या बापाचा हाय तो!"

"थंडी वाजत्ये ना? बस. शेक."

शिसव सावकाश जळते, मित्रांनो. ती जळून संपेपर्यंत त्यानं तिला उठू दिलं नाही.

सकाळी तुळसानं राखेतून मला काढलं, पदरानं पुसलं आणि पडवीतल्या फळीवर ठेवलं.

थोड्याच दिवसांत गावच्या शाळेतल्या दर्शनाबाई आल्या. "काकू, आमच्या नव्या घराची चौकट तुम्ही कराल का?"

तुळसाच्या आधी येसाजीच बोलला. "करंल ना! मी महाडवरना नवा रंधा आनतो. पडवी हायच."

"रंधा माजा मी आनीन," तुळसा म्हणाली. "नि काम बाईंच्या अंगणात करीन. हितं नाय."

आता ती रोज सकाळी जाते. तिच्या पिशवीत नवा रंधा असतो. सुरुवातीला निघताना ती फळीकडे बघायची, हल्ली तेही नाही. मला फार वाईट वाटतं. पण आगीत गेलेलं पातं मऊ पडतं आणि पुन्हा कामाला येत नाही, हे तिला ठाऊक आहे.

येसाजीलाही ठाऊक आहे, तोही सुतारच. तरी ती गेली की तो मला खाली काढतो, दगडावर पाणी शिंपडतो आणि कापऱ्या हातानं घासत बसतो. धार येते. लाकडाला लावली की मुडपते. तो पुन्हा घासतो. काल शेजाऱ्यानं विचारलं, "काय चाललंय रे येसाजी?"

"पात्याला धार लावतोय," तो म्हणाला. "ती आली की तिला दावायचंय."

मित्रांनो, अवजारांना तेल लावा, ती कोरड्या जागी ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, आगीत टाकायचा विचार मनात आला, तर वस्तू हातात आहे तोवरच थांबा. नंतर कितीही घासलंत तरी आम्ही परत येत नाही.