भौतिकशास्त्राच्या नव्या बाई

भौतिकशास्त्राचे सर वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेले आणि त्यांच्या जागी कुणी मिळेना. शेवटी मोठ्या बाईंनी जीवशास्त्राच्या बाईंना ऑफिसात बोलावून घेतलं.

"वरच्या वर्गाचं भौतिकशास्त्र यंदा बंद करते," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं रसायन आणि जीवशास्त्र घेतील."

"आणि ज्यांना पुढे भौतिकशास्त्रच शिकायचंय त्यांनी काय करायचं?"

"शिक्षक कुठून आणू मी?"

"मी घेते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला येतं?"

"फारसं नाही. पण मुलांच्या एक धडा पुढे राहीन."

इतक्या ठामपणे कुणी अज्ञान कबूल केलेलं मोठ्या बाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी तास देऊन टाकला.

बाईंचा थोरला भाऊ इंजिनिअर. संध्याकाळी त्या पुस्तक घेऊन त्याच्याकडे गेल्या, तेव्हा तो पोट धरून हसला.

"फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी तुला दरवेळी ताप यायचा, आठवतंय?"

"या वेळी पेपर मी काढणार आहे, दादा. ताप मुलांना येईल. चल, वीज समजावून सांग."

वर्गात त्यांनी सुरुवात ओळखीच्या वाटेने केली. भिंग शिकवायला डोळा घेतला, तरफ शिकवायला कोपर, दाब शिकवायला हृदय. मुलं रमली. मग विजेचा धडा आला. फळ्यावर त्यांनी एकाच वायरीत एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब काढले.

"पहिला बल्ब थोडी वीज वापरून टाकतो," त्या म्हणाल्या, "म्हणून दुसरा मंद लागतो."

"नाही लागत, बाई," मागच्या बाकावरून आवाज आला. ती टिटवी होती. कुठल्याही तासाला मध्येच ओरडायची, म्हणून सगळी शाळा तिला टिटवी म्हणायची. "दोन्ही सारखेच लागतात."

आधीच्या सरांनी तिला अशा वेळी हमखास बाहेर उभं केलं असतं.

"मला तर मंदच लागेल असं वाटतंय," बाई म्हणाल्या. "पण वाटण्यावर कशाला जायचं? ये, जोडून दाखव."

टिटवीने कपाटातून सेल, वायर आणि बल्ब काढले. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. तिने शेवटची वायर टेकवली आणि दोन्ही बल्ब सारखेच उजळले.

बाईंनी वाकून पुन्हा पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं आपण उलटं समजत होतो, याची लाज वाटायला हवी होती. त्यांना मात्र लहान मुलासारखा आनंद झाला. "म्हणजे वीज वाटेत संपत नाही," त्या म्हणाल्या. "मग संपतं तरी काय? सेल तर उतरतो." त्या एका प्रश्नावर उरलेला तास भांडणात गेला. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

दादाला हे कळलं तेव्हा त्याने विचारलं, "शाळेत तुला हे कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल. दाखवलं नव्हतं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोठ्या बाईंकडून वेळापत्रक बदलून घेतलं. आता प्रत्येक धडा आधी प्रयोगशाळेत व्हायचा, मग फळ्यावर. रसायनाचे सर कुरकुरले, प्रयोगशाळा आपल्या वाट्याला कमी येते म्हणाले. पण महिन्याभरात त्यांनीही तीच पद्धत उचलली.

वर्ष संपता संपता भौतिकशास्त्राचे नवे सर मिळाले. मोठ्या बाई आनंदाने म्हणाल्या, "झाली तुमची सुटका."

"सुटका मागितली कुणी?"

पुढच्या वर्षासाठी मुलांनी विषय निवडले, तेव्हा भौतिकशास्त्राला एक वर्ग पुरेना. दोन तुकड्या कराव्या लागल्या. एक नव्या सरांना दिली. दुसरी, जिच्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलं होती, ती बाईंनी स्वतःसाठी मागून घेतली.