ओंजळभर तांदळांचा विलायती लेक

एके काळी साहेबाच्या डोक्यावर मिरवलेली आणि सध्या कोंबडीखाली दबलेली मी एक टोपी बोलतेय. हसू नका. माझ्या भरवशावर मुळशीचा एक गडी विलायतेचा नागरिक व्हायला निघाला होता, त्याची ही गोष्ट आहे.

आधी माझं कूळ सांगते, कारण पुढचा सगळा घोळ कुळाचाच आहे. माझा गाभा बंगालातल्या एका तळ्यात उगवलेल्या भेंडाचा. वरचं खाकी कापड पुण्याच्या लष्करातल्या शिंप्यानं चढवलं. विलायत मी जन्मात पाहिली नाही. पण मुळशीच्या धरणावर मोजणी करणाऱ्या हार्पर साहेबाच्या डोक्यावर चढले आणि लोक मलाच वाकून रामराम घालू लागले. उन्हानं नाक सोललं की साहेब मला शिव्या द्यायचा. त्या इंग्रजीत असल्यामुळे मला त्याही मानाच्या वाटायच्या.

धरणावर दगड वाहणारं एक जोडपं होतं, कोंडिबा आणि साळूबाई. त्यांची दोन मुलं पाचवीच्या आतच गेली होती. तिसरा झाला तेव्हा म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, पोर विकून टाक. तशी रीतच आहे. ओंजळभर धान्य घेऊन मूल शेजारणीला विकायचं, नाव भिकू ठेवायचं, म्हणजे सटवीला वाटतं की हे या घरचं नव्हेच आणि ती पुढच्या दाराला जाते. मूल मोठं झालं की धान्य परत करून त्याला सोडवून घ्यायचं. पण साळूबाईचं दुसरं मूल शेजारणीला विकूनही गेलं होतं. तिनं विचार केला की सटवी कुणाच्याही घरात शिरेल, साहेबाच्या तंबूत शिरायची तिची छाती नाही.

कारकुनानं साहेबाला काय समजावलं देव जाणे. त्यानं खानसाम्याकडून ओंजळभर तांदूळ आणवून साळूबाईच्या पदरात घातले. ओलं पोर हातात घ्यायची मात्र त्याची तयारी नव्हती, म्हणून त्यानं मला उलटी धरली आणि पोर माझ्यात ठेवलं. पोरानं तत्काळ मला भिजवलं. तो डाग अजून आहे. साहेब पोट धरून हसला. ‘एक मुलगा मिळाला, तांदूळ पोचते केले’ अशी चिठ्ठी सहीनिशी लिहून त्यानं माझ्या अस्तरात खोचली आणि पोर सांभाळायला परत साळूबाईकडेच दिलं, माझ्यासकट. पुढे धरण झालं, साहेब गेला, कोंडिबाचं शेत पाण्याखाली गेलं. भिकू मात्र जगला.

चौतीस वर्षं मी माळ्यावर धूर खात पडले. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात भिकू मीठमिरची आणायला पौडला गेला. तिथले दुकानदार ताजुद्दीनभाई गावाचे अर्जही लिहून द्यायचे. त्यांचा भाचा अन्वर बोटीवर नोकरीला होता. त्यानं पत्रात लिहिलं होतं की ज्याचा बाप इंग्रज, त्याला वंशाच्या हक्कानं विलायतेचं नागरिकत्व मिळतं. ताजुद्दीनभाईंनी आपलं सहज वाचून दाखवलं. पण दुसऱ्याच्या शेतात राबून भिकूची कंबर मोडली होती. त्याला आठवलं, आपल्याला तर कुणी सोडवूनच घेतलेलं नाही. म्हणजे रीतीनं आपण अजून साहेबाचेच.

मग काय विचारता. मला फडक्यात बांधून तो पौडहून एसटीनं पुण्याला आणि पुण्याहून आगगाडीनं मुंबईला गेला. तिथल्या एका विलायती कचेरीत त्यानं मला टेबलावर ठेवलं आणि बापाचं नाव हार्पर म्हणून सांगितलं. गोऱ्या अधिकाऱ्यानं चिठ्ठी तीनदा वाचली. मनुष्य भला होता, तो हसला नाही. दुभाषी बाईकडून त्यानं कळवलं की माणसांची खरेदी त्यांच्या सरकारनं शंभर वर्षांपूर्वीच बंद केली आहे, तेव्हा ही पावती चालणार नाही. वंशाचा हक्क हवा असेल तर आईचं आणि साहेबाचं रीतसर लग्न झाल्याचा पुरावा आणा. भिकूनं माझ्यावरचा डाग दाखवला. अधिकाऱ्यानं तो चष्मा लावून पाहिला, पण फॉर्मात डागासाठी रकाना नव्हता.

परत आल्यावर भिकूनं ताजुद्दीनभाईंकडून कागद लिहून घेतला. ‘मी साळूबाई, हार्पर साहेबाची लग्नाची बायको, लिहून देते की’ असा तो सुरू होत होता. लिहिताना भाईंनी तीनदा तोबा केली आणि न वाचता अंगठा घेणार नाही असं बजावलं. दुपारी आमच्या अंगणात येऊन त्यांनी कागद मोठ्यानं वाचला. मी भिकूच्या मांडीवर होते. साळूबाईचा नवरा, कोंडिबा, समोर बसून तंबाखू मळत होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“लावू दे आंगठा,” तो म्हणाला. “माजं नाव खोडा. फकस्त येवडं इचारून घ्या, तितं ह्याला दोन वक्ताला भात मिळंल का.”

इतकी वर्षं मी स्वतःला साहेबाची समजून या माणसाकडे वरून बघत होते, त्याची लाज वाटली.

साळूबाई आत गेली आणि ओंजळभर आंबेमोहोर घेऊन आली. तिनं मला भिकूच्या मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवलं आणि तांदूळ माझ्यात ओतले.

“साह्यब, ह्ये तुमचं तांदूळ,” ती मला म्हणाली. “माजं प्वार मी सोडवलं.”

भिकू चिडला. “मंग आजवर का न्हाई सोडवलंस? इसरलीस?”

“इसरले न्हाई. भ्याले. सोडवलं आसतं तर सटवीला कळलं आसतं, तू माजा हायेस म्हनून.”

चौतीस वर्षं ही बाई पोटच्या पोराला परक्याचं म्हणून वाढवत होती, आणि मला वाटायचं की माझा मान राखायला मला माळ्यावर ठेवलंय.

भिकूनं भाईंच्या हातातून कागद घेतला आणि त्यात कोंडिबाची उरलेली तंबाखू बांधून पुडी बापाच्या हातात दिली. कोंडिबा म्हणाला, कागद चांगला जाड आहे. ताजुद्दीनभाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात साळूबाई आणखी एक ओंजळ घेऊन आली. “आन ही टोपीची,” म्हणाली. “ती बी साह्यबाचीच व्हती न्हवं.” तीही ओंजळ तिनं माझ्यातच ओतली. आता साहेब नाही, तेव्हा माझी किंमत घेणारीही मीच. स्वतःची किंमत स्वतःच वसूल केलेली दुसरी टोपी तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा. ते तांदूळ संध्याकाळी मला न विचारता शिजले आणि भिकूनं भात तीनदा वाढून घेतला.

हल्ली माझ्यात कोंबडी बसते. सात अंडी आहेत, आज-उद्या फुटतील. माझी आता काही मागणी नाही. फक्त विलायतेत हार्पर साहेबाचं कुणी असेल, तर त्यांना एवढा निरोप द्या. तांदूळ पोचले. पोर ज्याचं त्याच्याकडे गेलं. टोपीची वाट बघू नका.