चार झाकणांवरची खळ

मी गोळ्यांचा डबा बोलतोय, आणि राजीखुशीनं बोलत नाहीये. दर गुरुवारी दवाखान्यातली सिस्टर मला टेबलावर आपटते आणि समोर बसलेल्या पेशंटच्या घरच्या मंडळींना म्हणते, "आता याची गोष्ट ऐका." गोष्ट माझी, सांगते ती, आणि निम्मी चुकीची सांगते. म्हटलं, या वयात आपलीच कटकट आपणच केलेली बरी.

माझं शिक्षण सात अक्षरांचं. सो, मं, बु, गु, शु, श, र. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा एकेका झाकणावर एकेक छापलं. त्यापलीकडे मला काही येत नाही. पण ही सात अक्षरं मी कधी चुकलो नाही. शिकलेल्यांचं मी पाहिलंय, फार काही सांगत नाही.

औषधाच्या दुकानातून आईनं मला घरी नेलं. आई म्हणजे दोन मुलांची आई. थोरला वह्या-पुस्तकं बांधायचा कारखाना चालवायचा, धाकटा त्याच्या हाताखाली. या धाकट्याला आवाज यायचे. कोणी नसताना कोणीतरी बोलायचं, आणि चांगलं काही बोलायचं नाही. दोन-तीन औषधं फुकट गेली, मग डॉक्टरांनी एक गोळी बसवली. गोळी कडक होती. महिन्याला रक्त तपासलं की मगच औषधवाला पुढची पाकिटं द्यायचा. "कागद दाखव, गोळ्या ने," म्हणायचा. आई त्याच्यावर चिडायची, पण मला तो माणूस आवडायचा. माझ्यासारखाच खडूस.

रविवारी सकाळी आई मला भरायची. रात्री जेवण झालं की धाकटा त्या दिवसाचं झाकण उघडायचा, आईसमोर गोळी गिळायचा आणि झाकण मिटायचा. टक्. सहा वर्षं तो टक् चुकला नाही. आवाज गेले. धाकटा हसायला लागला, वह्यांना पुठ्ठे लावायला लागला. सकाळी जरा सुस्त असायचा, तोंडाला लाळ सुटायची, एवढंच.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती आठवडाभर लग्न झालेल्या लेकीकडे गेली. जाताना मला भरलं, थोरल्याच्या हातात दिलं, उलटं करून दाखवलं. माझ्या पोटाखाली तिनं चिठ्ठी चिकटवली होती, डॉक्टरांचा फोन नंबर.

"काही अडलं तर या नंबरला फोन. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

"आई, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं होतं. ऐकलं तरी असतंस."

सोमवारी टक् वाजला. मंगळवारी वाजला नाही.

कारखान्यात दोन हजार वह्यांचं काम होतं, शुक्रवारी दुपारी द्यायचं. थोरला म्हणाला, "तीन दिवस गोळी राहू दे. सकाळी तू पेंगतोस, हात चालत नाही. काम संपलं की घे."

"आई रागवेल, दादा."

"आईला सांगायचंय कोणाला?"

मंगळ, बुध, गुरू. तीन झाकणं मिटलेली. आत गोळ्या तशाच. थोरल्यानं मला कारखान्यातल्या कपाटावर ठेवलं होतं, तिथून मी बघत होतो. ओरडायला तोंड नाही. सात तोंडं आहेत, पण ती दुसऱ्यानं उघडायची.

बुधवारी धाकट्याचे हात खरंच भराभर चालले. थोरला खूश. गुरुवारी धाकट्याला झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी तो वह्यांच्या गठ्ठ्याला कान लावून उभा होता.

कारखान्यात शिलाईवाल्या काकू होत्या, वडिलांच्या वेळेपासूनच्या. त्यांनी विचारलं, "काय रे, काय ऐकतोस?"

"हळू बोला काकू. त्यांना कळेल."

काकूंची सुई थांबली. थोरल्यानं मान वर केली नाही. दुपारी टेम्पो भरून गेला आणि मग त्यानं भावाकडे पाहिलं. धाकटा कापायच्या यंत्राच्या पात्याशी कुजबुजत होता. त्याला हो-नाही करत होता.

थोरला घाबरला. घाबरलेला माणूस आपल्या धंद्यातलंच शहाणपण वापरतो. वही बांधणाऱ्यांचा एक नियम आहे. सोळा पानांच्या घडीला ते फर्मा म्हणतात. मधला फर्मा सुटला तर वही उसवायची, सुटलेला फर्मा जागेवर घालायचा, पुन्हा शिवायची. सुटलेलं घातल्याशिवाय पुढं जायचं नाही. वडिलांनी त्याला कान पिळून शिकवलेलं. वहीला ते बरोबरच आहे.

त्यानं मला कपाटावरून काढलं. हात पुठ्ठे चिकटवायच्या खळीनं माखलेले. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, एकाच अंगठ्यानं चार झाकणं उघडली आणि गोळ्या तळहातावर घेतल्या.

"घे. सुटलेलं भरून काढ."

काकू उठल्या. "अरे, औषध आहे ते! खळ नव्हे, हवी तेवढी फासायला! आधी फोन कर कुणाला!"

"काकू, तुम्ही शिवा."

नंबर माझ्या पोटाखाली होता. मला उलटा करायला किती वेळ लागतो? तुम्हीच करून बघा.

धाकट्यानं चारही गिळल्या. दादानं दिल्या म्हणून गिळल्या.

तासाभरानं तो स्टुलावर बसल्याबसल्या पांढरा पडला. उठायला गेला आणि सरळ खाली आला. दाबाच्या लोखंडी यंत्रापासून डोकं दोन बोटांवर पडलं. मग हातपाय झटकायला लागले. थोरला नुसता "ऊठ, ऊठ" म्हणत होता. दवाखान्याची गाडी काकूंनी बोलावली. गाडीवाला म्हणाला, "औषधं सोबत घ्या," तेव्हा मी थोरल्याच्या खिशात गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती गोळ्या गेल्या? त्याआधी रोज घेत होता का? मध्ये खंड?"

थोरल्याची छाती धडधडत होती. खिशात होतो, मला कळणार नाही तर कोणाला?

"रोज घेतो तो. खंड नाही. या डब्यात गोंधळ झाला. अक्षरं पुसलीत, आज दोन-तीन कप्पे एकदम उघडले."

माझी अक्षरं! सातच्या सात शाबूत होती.

दोन दिवस धाकट्याच्या छातीला तारा लावलेल्या होत्या. शुद्ध यायची, जायची. रविवारी तो नीट बोलला. डॉक्टर म्हणाले, "रोज घेत होता ना? मग आज रात्रीपासून नेहमीचीच गोळी सुरू करू." आणि कागद पुढं ओढला. थोरला भिंतीकडे बघत उभा.

तेवढ्यात आई आली. एका डोळ्यावर पट्टी. तिनं आधी धाकट्याच्या कपाळावर हात ठेवला, मग उशाशी पडलेल्या मला उचललं. सहा वर्षांची सवय, रविवार होता. बोट झाकणांवरून फिरलं आणि मंगळवारवर थांबलं. खरखरीत. बुध, खरखरीत. गुरू. शुक्र. चारही झाकणांवर वाळलेली खळ, एकाच अंगठ्याची.

"हे रोजच्या रोज उघडलेलं नाही," ती थोरल्याला म्हणाली. "हे एका दमात उघडलंय. तो तीन दिवस उपाशी होता ना गोळीला?"



"पेन खाली ठेवलंय डॉक्टरांनी. सांग आता. मला नको, त्यांना सांग."

थोरला खाली बसला आणि सगळं बोलला. डॉक्टरांनी कागद फाडला. रागावले नाहीत, पण आवाज बारीक झाला. म्हणाले, "ही गोळी दोन दिवस सुटली की शरीर तिला विसरतं. मग नेहमीची एक गोळीसुद्धा पुन्हा एकदम द्यायची नसते, आणि यानं चार घेतल्या. आता अगदी थोडक्यापासून, नव्यानं चढवायची, इथंच, आमच्या नजरेसमोर. सुटलेली गोळी सुटली. ती भरून काढायची नाही, आम्हाला विचारायचं."

आई थोरल्याला एवढंच म्हणाली, "माणूस म्हणजे वही नव्हे रे, मधला फर्मा घालायला."

धाकटा वाचला. पण पहिल्यासारखी घडी बसायला चार महिने लागले. आता तो कापायच्या यंत्राजवळ जात नाही. गोळी चुकली तर स्वतः फोन करतो. सकाळी पेंग येते हेही डॉक्टरांना त्यानंच सांगितलं. त्यांनी गोळीची वेळ थोडी अलीकडे घेतली. एवढंच करायचं होतं. मंगळवारीच.

माझं बुधवारचं झाकण मोडलं, म्हणून आईनं नवा निळा डबा घेतला आणि मला सिस्टरला देऊन टाकलं. गुरुवारी इथं माणसं येतात. मी त्यांच्या पिशव्यांकडे बघतो. मागच्या गुरुवारी एका बाईच्या पिशवीत माझ्याच जातीचा एक होता. सरलेल्या तीन वारांची झाकणं मिटलेली, आत गोळ्या दिसत होत्या, आणि बाई शेजारणीला सांगत होती, "आता बरा आहे तो, म्हटलं द्या गोळ्यांना विश्रांती." सिस्टर माझी गोष्ट सांगत होती. बाईचं लक्ष नव्हतं. या गुरुवारी ती आली नाही.

तुमच्या घरात असा डबा असेल तर आजच उलटा करून बघा. खाली नंबर नसेल तर लिहा. असेल तर गोळी चुकल्यावर लावा, माणूस पडल्यावर नव्हे.

खळ अजून माझ्यावर आहे. सिस्टरनं दोनदा पुसली, जात नाही. थोरल्याची आईकडे क्षमा मागून झाली, भावाचे पाय धरून झाले, डॉक्टरांपुढं हात जोडून झाले. पण अजून कोणी विचारलं की "डब्यात गोंधळ झाला होता" असंच सांगतो. दर महिन्याला भावाला घेऊन रक्त तपासायला येतो, या टेबलासमोर बसतो, आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघतो.