तुळजाच्या माहेरची मुठा

माझी बायको तुळजा माघात गेली. दवाखान्यात असताना ती म्हणाली होती, "अहो, माझ्या अस्थी आळंदीला नेऊ नका. माहेरी मुठेत सोडा. तीच नदी कर्वेनगरला आपल्या घरामागून जाते. मी वाहत वाहत घरी येईन."

मला ते पटलं. तिचं गाव डोंगराच्या पायथ्याला आहे. तिथे मुठा इतकी लहान, की मी चपला हातात घेऊन ओलांडली. तिचा भाऊ धोंडिबा बरोबर होता. पाणी स्वच्छ होतं. सोडलेली राख बराच वेळ दिसत होती.

परत आल्यावर मी रोज सकाळी घरामागे नदीकाठी जाऊन बसू लागलो. वास यायचा, पण पाणी वाहत होतं.

महिन्याभराने धोंडिबा मला भेटायला आला. घराला कुलूप दिसलं, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला नदीकडे पाठवलं.

"दाजी, हितं काय करताय?"

"तुझ्या बहिणीची वाट बघतोय."

तो हसला. मग त्याने माझं तोंड बघितलं. जवळ बसून म्हणाला, "वरचं पाणी हितं येत न्हाय, दाजी. खडकवासल्याला धरणात अडतं. तिथनं नळाला नि लोणी काळभोरकडं कालव्याला जातं. राख तर आमच्या शिवाराजवळच तळाला बसती."

"मग हे काय वाहतंय?"

"हे तुम्हा पुण्याच्या लोकांचं सांडपाणी हाय."

मला राग आला. "मग तेव्हा का बोलला नाहीस? बिचारी घरी यायचं म्हणत गेली."

"ताईला ठावं हुतं. आमच्या गावात बारक्या पोरींनाबी ठावं हाय. तिनंच मला गप्प राहायला सांगितलं. म्हणली, घरी येईन म्हटलं तरच हे मला माहेरी राहू देत्याल."

आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. दर दिवाळीला मी तिला माहेरी सोडायचो आणि तिसऱ्या दिवशी आणायला जायचो. माझ्या जेवणाचे हाल होतात, असं तिच्या आईला सांगायचो. तुळजा कधी भांडली नाही. मी पोचायच्या आधीच तिची पिशवी भरलेली असायची.

"मला सरळ सांगितलं असतं, तर मी हो म्हटलं असतं," मी म्हणालो.

धोंडिबा उठला. "चला दाजी, तुमच्या जेवणाचं बघू."