खिडकीजवळचा खुला संगणक

मी एक जुना संगणक आहे, ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका वाचनालयाच्या खिडकीजवळचा. मित्रांनो, आज माझा पंखा सारखा घरघरतोय. आज रविवार, आणि मला न्यायला भंगारवाला येणार आहे.

उमेदीची वर्षं मी ठाण्यात एका वकिलांच्या कचेरीत काढली. मंदावलो, तेव्हा त्यांनी मला इथे दिलं. प्रीतम नावाच्या तरुणाने माझ्यात लिनक्स बसवलं. संगणक चालवणारी ही प्रणाली फुकट आणि खुली. हवी तशी बदलून घ्यावी. मी पुन्हा चपळ झालो. पालिकेची पत्रकं, पाण्याचं वेळापत्रक, सगळं लोकांना माझ्यावर बघता येणार होतं. मला हार घातला, पेढे वाटले.

पण कुणी माझ्यासमोर बसलं, की प्रीतम त्याच्या हातातून माऊस काढून घेई. “थांबा, मीच दाखवतो.” दोन मिनिटांत काम व्हायचं. माणूस मान डोलवून जायचा, तो पुन्हा यायचाच नाही. प्रीतम नसला, की मी बंद. शेवटी वाचनालयाच्या समितीतल्या सुमतीताई म्हणाल्या, “कुणी वापरत नाही, तर जागा कशाला अडवायची?”

परवा कलावतीकाकू आल्या. “प्रीतम, पाण्याची वेळ बदलली म्हणे. आमची चाळ दोनदा कोरडी राहिली रे.”

प्रीतमचा हात माऊसकडे गेला.

“राहू दे! तू कामाला गेलास, की मी काय या डब्याला ओवाळत बसू?”

प्रीतम ओशाळून हसला. त्याने हात पाठीमागे बांधले. “बसा काकू. मी नुसतं बघतो.”

काकू लगेच अडल्या. “हे बारीक कोण वाचणार? आणि पाणी कुठंय यात?”

“त्या कोपऱ्यात दाबा, मग खाली, मग आत...”

“नळ काय कपाटात लपवतात? समोर आण की!”

प्रीतमने अक्षरं मोठी केली. पडद्याच्या मधोमध नळाचं मोठं चित्र ठेवलं. काकूंनी ते स्वतः दाबलं, वाचलं आणि फोन काढला. “अगं मालन, पिंपं धुऊन ठेव. उद्या दुपारी पाणी आहे. कोण म्हणालं काय? मी बघितलं, मी!”

आता फाटकाशी टेम्पो थांबला. भंगारवाला आत आला. माझ्यासमोर मालन बसली होती, मागे चाळीतल्या तिघी उभ्या होत्या.

“भाऊ, नंबर लावा,” काकू म्हणाल्या.

सुमतीताईंनी रांगेकडे पाहिलं. “आज रद्दीच न्या.”

त्या ‘आज’च्या धास्तीने माझा पंखा अजून घरघरतोय. मित्रांनो, माझ्यावरची धूळ तुम्ही पुसालच. पण कुणी माझ्यासमोर चाचपडत बसलं, तर त्याच्या हातातला माऊस त्याच्याच हातात राहू द्या.