नात्सुएच्या नावावर माझा चेहरा

नात्सुए हिरायामा मला पहिल्यांदा सलली ती एका चहाच्या कपामुळे.

साल १९३६. लॉस एंजेलिसच्या आमच्या जपानी वस्तीत देवळाच्या सभागृहात दरवर्षी एक नाटक व्हायचं, आणि त्यात नायिका मीच असायचे. बारा वर्षं दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा निघालं नव्हतं. माझा नवरा तोकुजी टोफूचं दुकान चालवायचा. मागच्या खोलीत भिजलेले सोयाबीन वाटता वाटता मी संवाद पाठ करायचे.

नात्सुए आमच्याच माडीवर राहायची. जपानातल्या वाकायामाकडच्या कोळ्यांची पोर. दहाव्या वर्षी बोटीने काकाकडे आली. काका वारला तेव्हा मीच तिला जागा दिली. शिवणकाम करून पोट भरायची, मला ताई म्हणायची. नाटकात तिला मीच आणलं. मोलकरणीचं काम. चहा आणायचा, ठेवायचा, निघून जायचं. तोंडाला एक वाक्य नाही.

त्या वर्षी मी मेलेल्या मुलासाठी रंगमंचावर धाय मोकलून रडले. बायकांचे रुमाल भिजले. नात्सुए आली, तिने चहा ठेवला. मग माझ्याकडे बघून कप हळूच माझ्या हातापासून लांब सरकवला, रडताना धक्का लागून सांडू नये म्हणून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या रडण्याला हुंदके देणारं सभागृह तेवढ्याने एकदम गप्प झालं.

मागच्या रांगेत सिनेमा कंपनीचा एक गोरा माणूस बसला होता. खेळ संपल्यावर त्याने आमच्या भटजींना विचारलं, "ती चहावाली कोण?"

मी तिथेच उभी होते, तोंडाचा रंग पुसत.

तीन आठवड्यांनी दुकानात फोन आला. इमारतीत फोन तेवढाच. "उद्या सकाळी आठला नात्सुए हिरायामाला पाठवा. नर्सचं काम आहे." गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझं इंग्रजी बरं झालं होतं. मी म्हटलं, "सांगते."

सांगायला जिन्याच्या चार पायऱ्या चढलेही. वरून शिवणयंत्राचा आवाज येत होता आणि त्यावर तिचं गुणगुणणं. ते ऐकलं आणि तशीच खाली उतरले.

सकाळी तोकुजीला दात दुखतो म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले. स्टुडिओच्या फाटकावर एकाने यादीवर बोट ठेवून विचारलं, "हिरायामा?" माझं नाव सांगितलं असतं तर तिथूनच परत पाठवलं असतं. मी मान डोलावली. आत तोच गोरा माणूस भेटला. मला वाटलं, मेले आता. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि खुशीत म्हणाला, "चहावाली!"

मी सदतीस वर्षांची, नात्सुए तेवीसची. शिवाय माझं ते सगळं रडणं त्याने सभागृहात बसून पाहिलं होतं.

काम छोटंच होतं. मरणाऱ्या सैनिकाचे डोळे मिटायचे. माझा हात त्याच्या चेहऱ्यापाशी गेला आणि क्षणभर हवेतच थांबला, जणू अजून तो बघत असेल. मग मी डोळे मिटले. दिव्यांमागून कुणीतरी टाळी वाजवली. मला वाटलं, बारा वर्षं मी याच टाळीसाठी जगत होते. ती नात्सुएला मिळाली हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

पंधरा दिवसांनी ती हातात पत्र घेऊन दुकानात आली. तोकुजी पाण्यात हात घालून टोफू कापत होता.

"ताई, मी नर्स कधी झाले गं?"

मी सोयाबीन निवडत राहिले.

"म्हणतात, नर्स फार सुंदर केलीत. मंगळवारी परत या, मोठं काम आहे." तिने पत्राची घडी घातली, परत उघडली. "दात दुखत होता ना तुझा?"

तोकुजीची सुरी पाण्यातच थांबली. "मिनेको, हे काय ऐकतोय मी?"

"जा, सांग त्यांना की ती तू नव्हतीस," मी म्हटलं. "होऊ दे माझी छी-थू."

"सांगितलं तर दोघींनाही हाकलतील." ती रडेल असं वाटलं होतं. ती माझ्यासमोर पाटावर बसली. "काय केलंस ते दाखव. चाल कशी, मान कशी, सगळं. त्यांना संशय यायला नको."

"मी तुला शिकवू?"

"तूच ना माझ्या नावाने गेली होतीस?"

मग मी स्वयंपाकघरात सैनिकाच्या जागी तांदळाचं पोतं ठेवलं आणि तिला सगळं दाखवलं. एक गोष्ट मात्र चोरली: हात हवेत थांबवला होता ते सांगितलं नाही. तेवढं तरी माझं राहू दे, असं वाटलं.

काही बिघडलं नाही. मंगळवारी ती गेली आणि हसत परत आली. "ताई, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही! म्हणाले, तुम्ही आधीसारख्याच गोड दिसता."

ती पोट धरून हसत होती. मला वाटलं, निदान एकाने तरी ओळखायला हवं होतं.

पुढे तो नर्सचा सिनेमा आमच्या वस्तीतल्या थिएटरात लागला. पडद्यावर माझा चेहरा आणि पाट्यांमध्ये तिचं नाव. न्हाव्याची बायको भर रस्त्यात म्हणाली, "काय मिनेको-बाई, बारसं कधी झालं परत?" नात्सुए माझ्यासोबतच होती. ती म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगलं केलंय तिने, गप्प बसा." बाईचं तोंड बंद झालं. मला मात्र टोमण्यापेक्षा तो मोठेपणाच जास्त झोंबला. शिव्या दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

मग तिला कामं मिळत गेली. मोलकरणी, हेर, एकदा राजकन्या. मी प्रत्येक सिनेमा बघायचे आणि घरी येऊन तोकुजीला तिच्या चुका सांगायचे. तो म्हणायचा, "आवडत नाही तर जातेस कशाला?"

जपानशी युद्ध सुरू झालं आणि सरकारने आम्हा सगळ्या जपान्यांना उचलून वाळवंटातल्या छावणीत नेलं. राजकन्येलाही आमच्यासारखीच बराक, तीच भोजनाची रांग. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मग तिने भोजनगृहात नाटक बसवायला घेतलं आणि नायिकेचं काम मला देऊ केलं. "तुझ्या हातची भीक नको," मी म्हटलं. तिने ते काम स्वतः केलं. धुळीचं वादळ चालू होतं, पत्रे वाजत होते, तरी लोक उठले नाहीत.

सुटका झाल्यावर ती न्यूयॉर्कला रंगभूमीवर गेली. आमचं दुकान गेलं होतं. आम्ही दुसऱ्याच्या दुकानात टोफू कापायला लागलो.

१९५७ साली तिचं नाटक आमच्या शहरात आलं. ती म्हातारीचं काम करत होती. घर विकून मुलाकडे निघालेली आई. मी रंगपटात गेले. चौदा पुष्पगुच्छ होते, मी मोजले. तिने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावलं.

"ताई, खरं सांग. कसं झालं?"

छान म्हणून निघून येता आलं असतं. "दुसऱ्या अंकात खुर्चीवरून पटकन उठतेस," मी म्हटलं. "अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे तसं उठू देत नाहीत. आधी हात टेकावा लागतो, आणि कुणी बघत नाही ना हे बघावं लागतं."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. "करून दाखव."

मी दाखवलं. या वेळी काही चोरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाचं तिकीट काढून मी वरच्या सज्जात बसले. तोकुजीलाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या अंकात तिने खुर्चीवर हात टेकला, इकडे तिकडे पाहिलं, आणि उठली. माझ्या शेजारची अनोळखी गोरी बाई "आई गं" म्हटल्यासारखं काहीतरी पुटपुटली आणि तिने डोळे पुसले.

ते उठणं माझं होतं. पण माझ्या गुडघ्यांना ते इतकं सुंदर कधीच जमलं नसतं. माझा जळफळाट झाला, अगदी त्या पहिल्या दिवसासारखा, आणि पडदा पडल्यावर सगळ्यांच्या आधी उभी राहून टाळ्या वाजवणारीही मीच होते.