बाईच्या कापडाचा सदरा

कोचिएन नदीच्या काठाला विटांच्या भट्ट्या आहेत. तिथे आग लागली असं कोणी म्हणत नाही, बाई येऊन गेली म्हणतात. ती आगीची देवी. तिचं खरं नाव बा होआ, पण रोजच्या तोंडी नुसतं बाई. कोणाचं छप्पर जळालं तर शेजारी विचारतात, "रागात आली होती, का सहजच?" भट्टीवर मात्र तिला बोलवावं लागतं. न बोलावता पेटवलेल्या भट्टीतल्या विटा कच्च्या राहतात, असं तिथली माणसं सांगतात.

न्युंग मालकिणीच्या भट्टीवर बाईला बोलवायचं काम विन्हचं होतं. तो तिथला जाळवाला, भट्टीचा जाळ सांभाळणारा. आणि बाईला सजवायचं काम जाळवाल्याच्या बायकोचं, असा रिवाज. भट्टीच्या अंगणात बाईचं ठेंगणं देऊळ आहे. आत भाजलेल्या मातीची मूर्ती, मांडी घालून बसलेली. दर भट्टीला मूर्तीच्या अंगावर नवा लाल सदरा चढतो, गावातल्या बायका घालतात तसाच, आणि उतरवलेला जुना सदरा सगळ्यांत आधी भट्टीच्या तोंडात जातो. त्याच्यावर मग भाताचं तूस टाकायचं.

विन्हची बायको सुओंग लहानखुरी होती. खांद्यांत बरोबर मूर्तीएवढी. सदरा शिवून झाला की ती आधी स्वतः घालून बघायची आणि दारात येऊन उभी राहायची.

"सांगा, कोणाला जास्त शोभतो? मला का तिला?"

"तिला," विन्ह म्हणायचा. "ती गप्प बसते."

"मग जा तिच्याकडेच. नाहीतरी भट्टी पेटली की अर्धा महिना तिथेच असता. तिला या बाई, बसा बाई. मला मात्र, अगं ए, मीठ कुठाय."

हे भांडण दर भट्टीला व्हायचं. त्याच्याशिवाय भट्टी पेटल्यासारखी वाटायची नाही.

एका वर्षी मालकिणीने कापड जरा जास्तच दिलं. बाईचा सदरा बेतून उरलं त्यात सुओंगने स्वतःसाठी एक शिवला. विन्ह म्हणाला, "देवीच्या कापडात हात मारलास?" ती म्हणाली, "बाई कापड मोजत नाही. ते माणसं मोजतात." नव्या वर्षाला, जत्रेला ती तोच घालायची. एकदा मासे तळताना तेल उडून बाहीला डाग पडला, तर तिने त्याच्यावर दोऱ्याने एक पान भरलं. हिरवं, थोडं वाकडं. वापर कमी, त्यामुळे सदरा नव्यासारखाच राहिला.

उन्हाळ्यात सुओंगच्या पोटात गाठ निघाली. पावसाच्या आधीच ती गेली.

शंभराव्या दिवसाच्या विधीला मुलगी आली, लुआ. ती नदीच्या खालच्या अंगाच्या गावात दिलेली. मेलेल्या माणसाचे कपडे जाळावे लागतात, नाहीतर तिकडे त्याला घालायला काही नसतं. लुआने आईच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि मग सगळं घर उलटंपालटं केलं.

"बाबा, तो लाल सदरा कुठाय?"

"असेल कुठेतरी."

"आईला तोच तर आवडायचा. बाकीच्या चिंध्या पाठवायच्या आणि तो नाही? तुम्ही ठेवलाय ना कुठे?"

"मी कशाला ठेवू?" विन्ह म्हणाला, आणि मागच्या दाराने नदीवर निघून गेला.

सदरा त्यानेच ठेवला होता. स्वयंपाकघरात आढ्याला बाईच्या पूजेची टोपली टांगलेली असे. आरसा, फणी, पावडरीचा डबा, सुपाऱ्या, असलं सामान तिच्यात. ती टोपली सुओंगशिवाय कोणी कधी उघडली नव्हती. विन्हला त्याच्याहून सुरक्षित जागा सुचली नाही. घरात कोणी नसलं की तो टोपली उतरवायचा, सदरा नाकाशी धरायचा. त्याला तळलेल्या माशांचा आणि सुओंगच्या मानेचा वास यायचा. मग तो घडी घालून परत ठेवायचा. तिच्यासारखी घडी त्याला कधी जमली नाही.

सगळे कपडे जाळले, हा एक राहिला. लुआ म्हणाली, "आई तिथे वाट बघत असेल." बघू दे थोडी वाट, असं विन्हच्या मनात आलं. आपणही बघतोच आहोत.

पाऊस सरल्यावर भट्टी भरली. पेटवायच्या दिवशी विन्ह अंगाला माती लावून आंघोळ करायला नदीत उतरला होता. या वेळी बाईचा सदरा शिवायला कोणी नव्हतं, म्हणून न्युंग मालकीण बाजारातून तयार आणणार होती. पण आरसा-फणी तर टोपलीतच. ती विन्हच्या घरी गेली, आढ्याची टोपली उतरवली.

विन्ह ओल्या अंगाने अंगणात आला तेव्हा माणसं जमली होती. चिकट भात, उकडलेलं बदक, खीर, सगळं मांडून झालं होतं. विटा रचणारा म्हातारा दोम त्याला म्हणाला, "नशीबवान आहेस बाबा. माझी जिवंत आहे, पण माझा सदरा वेळेवर शिवत नाही. तुझी मरून गेली, तरी काम अडू दिलं नाही तिने."

विन्हने देवळात पाहिलं. मूर्तीच्या अंगात सुओंगचा सदरा होता.

तो खांद्यांवर तंतोतंत बसला होता. डाव्या बाहीवर वाकडं हिरवं पान.

"टोपलीत घडी करून ठेवला होता," न्युंग मालकीण डोळे पुसत म्हणाली. "दुखण्यात शिवला असेल हो. पानसुद्धा भरलंय. शिलाई बघूनच ओळखलं मी. विन्हभाऊ, अशी बायको मिळत नाही."

विन्हने तोंड उघडलं. पण बाईच्या अंगावर चढलेलं वस्त्र पुढच्या भट्टीपर्यंत उतरवता येत नाही, हे त्यानेच किती जणांना सांगितलं होतं. आणि मेलेल्या बायकोच्या अंगावरचा सदरा देवीला चढवला असं कळलं, तर मालकीण भीतीने अंथरूण धरील, आणि भट्टी तशीच राहील. त्याने तोंड मिटलं.

जुना सदरा भट्टीच्या तोंडात गेला. वर तूस टाकलं. धूर झाला, जाळ येईना. सगळे विन्हकडे बघत होते. आता त्याने म्हणायचं असतं, या बाई, पाय धुवायला पाणी ठेवलंय, जेवण झालंय, बसा. सगळं आयुष्य त्याने हेच म्हटलं होतं. त्याला एक शब्द आठवेना. म्हणजे आठवत होतं, पण ज्या बाईला म्हणायचं ती त्याच्या बायकोच्या कपड्यांत बसली होती.

"बोलव की रे," दोम पुटपुटला. "खीर गार झाली."

"ये," विन्ह म्हणाला. मग थोडं थांबून, "ये. बस."

जाळ धरला.

"अगं बाई, अशी एकेरी हाक?" मालकीण म्हणाली.

"राहू दे, मालकीण," दोम म्हणाला. "एकेरी हाक मारायला आता दुसरं कोण उरलंय त्याला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लुआ सासरहून जेवण घेऊन आली. आधी देवळात उदबत्ती लावायला गेली. बराच वेळ आली नाही. आली ती बापाशेजारी तुसाच्या पोत्यावर बसली. विन्ह फावड्याने तूस ढकलत होता. जाळ चांगला होता, वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

"बाबा, ते पान आईचं आहे."

"हो."

"तुम्ही दिलात?"

"नाही. लपवला होता. तिने घेतला."

लुआ रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही. डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे ठेवलं, आणि म्हणाली, "पुढच्या भट्टीला उतरवतील. मग जाईल ना आईकडे?"

"जाईल. पहिला तोच जाईल."

"मग नवा मी शिवीन. आईची कात्री आहे का?"

"आहे."

"पण माझे खांदे तुमच्यासारखे. माप कोणावर घेऊ?"

विन्हने फावडं थांबवलं. अंगणापलीकडे देवळाचं दार उघडं होतं. ती इकडेच तोंड करून बसली होती, आणि भट्टीच्या तोंडातला उजेड तिच्या बाहीपर्यंत पोचत होता. तो इतका वेळ तिकडे बघत राहिला, की जाळ बसायला लागला आणि लुआलाच उठून तूस टाकावं लागलं.

"तिच्यावरच घे," तो म्हणाला.

"बरं. आजच बेतते."

"बेत," विन्ह म्हणाला. त्याने तिच्या हातातलं फावडं घेतलं. "पण घाई करू नकोस, पोरी. हळू शिव."